रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा

महापुरात शिरोळचं घर छातीइतक्या पाण्यात गेलं, तेव्हा मी माहेरी होते. त्यानंतर नवरा आणि मी उचगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. खाली मालकीणबाई असायच्या. निवृत्त नर्स, ख्रिस्ती, नवरा वारलेला. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. फाटकावर संगमरवरी पाटी होती: रहोबोथ. कुरियरवाले फोनवर विचारायचे, "रोबोट बंगला म्हंजे कुठला ओ?" सिस्टर चिडायच्या. मी हसायची, पण अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. पूर ओसरल्यावर धाकट्या दिरांनी शिरोळच्या घराची डागडुजी केली आणि अंगणात मधोमध भिंत घातली. सासऱ्यांनी पाडलेली बोअर त्यांच्या बाजूला गेली. मोटारीच्या पेटीला कुलूप लागलं. आमच्या वाटणीच्या खोल्यांना पाणीच उरलं नाही. नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. भावाशी काय भांडायचं?" आणि फौंड्रीत पाळीला निघून गेला. मी त्याला भित्रा म्हणायची आणि भांडी घासताना, दळण आणताना मनातल्या मनात दिरांशी भांडत असायची. दुपारभर गच्चीवर येरझाऱ्या घालायची.

एकदा खालून सिस्टरची हाक आली. "अगं, माझ्या डोक्यावर किती चालशील? खाली ये, च्या घे."

चहा निवेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. भिंत, बोअर, कुलूप. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाटीवरचं नाव विहिरीचंच हाय."

जुन्या करारातली गोष्ट त्यांनी सांगितली. एक मेंढरांचा धनी होता. त्याच्या गड्यांनी विहीर खणली, पाणी लागलं, तर तिथले गुराखी म्हणाले, पाणी आमचं. त्याने विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. सैतान हा शब्दही त्याच मुळातला. मग तो तिथून हलला आणि तिसरी खणली. तिच्यावरून कुणी भांडलं नाही.

"तिचं नाव रहोबोथ. ऐसपैस जागा. इब्री, म्हंजे हिब्रू भाषेत रस्त्यालाबी त्याच धातूवरनं शब्द हाय."

मी खिडकीतून पाहिलं. फाटक आणि घर यांच्यामध्ये एक स्कूटर कशीबशी उभी होती. आणि मला एकदम रागच आला.

"म्हणजे पळालाच की तो! दोन विहिरी सोडून!"

"मीबी आमच्या मालकांना हेच म्हणाल्ते," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या सासरीही मळ्यातल्या विहिरीवरून भावाभावांत भांडण झालं होतं. मालक सगळं सोडून इथे आले. "नाव त्यांनी ठेवलं. मला इचारलं न्हाई. माझी तर खोरं घेऊन उभं ऱ्हायची तयारी होती."

मी त्यांच्याकडून शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, वाचायला मागून घेतलं. संध्याकाळी तो भाग काढला, बोट ठेवून पुढे वाचत गेले आणि तशीच पुस्तक घेऊन खाली उतरले.

"सिस्टर, तो रहोबोथला राहिलाच नाही. लगेच पुढे दुसऱ्या गावाला गेला."

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "इतकी वर्षं वाचतीया," त्या म्हणाल्या, "पर हे कधी ध्यानातच आलं न्हाई." मग पुस्तक मिटून हळूच म्हणाल्या, "ह्यांनाबी हितं झोप लागायची न्हाई. मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं."

रविवारी नवऱ्याला न सांगता मी एसटीने शिरोळला गेले. दीर ट्रॅक्टर धूत होते.

"वहिनी, पावण्यावानी आलाय का भांडाया?"

"अजून ठरवलं नाही. भावजी, भिंत का घातली तेवढं सांगा."

त्यांनी नळी बाजूला टाकली. "पुरात आईला मी पाठीवरनं काढली. दादा दोन दिसांनी आला अन् म्हणाला, घर इकून टाकू. मी इकू देणार न्हाई."

हे मला नवऱ्याने सांगितलंच नव्हतं. मनात रचून आणलेलं सगळं भांडण तिथेच कोलमडलं. तोंडातून निघालं ते भलतंच. "बोअर तुम्हाला राहू दे. मागच्या परड्यात आम्ही दुसरी पाडतो. बोअर पाडणारा माणूस घर विकत नाही."

"तिथं मचूळ पाणी लागंल, वहिनी."

"लागू दे."

घरी येऊन मी नवऱ्याला जाब विचारला. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "आईच्या हनुवटीला पाणी लागलं हुतं म्हणं. मी तिथं न्हवतो. त्या घरात पाय ठेवला की माझा जीव घाबरतो." इतक्या महिन्यांत त्याला भित्रा समजून मी किती बोलले होते, ते आठवून मला त्याच्याकडे बघवेना.

उन्हाळ्यात बोअर पाडली. पाणी लागलं आणि दीर म्हणाले तसं मचूळच लागलं. धुण्याभांड्याला चालतं, प्यायला पंचायतीचा नळ आहे. भिंत तशीच आहे. शनिवार-रविवार मी शिरोळला सासूबाईंपाशी असते. तिथे उचगावची आठवण येते आणि इथे आलं की तिथली. नवरा दिवाळीला शिरोळला येऊन जेवून गेला, मुक्काम मात्र केला नाही. दीर त्याच्याशी मोजकंच बोलतात. पण त्या दिवशी त्याच्या ताटात पोळी त्यांनीच वाढली.