अण्णा आणि ट्रकचा आरसा

आमच्या वाचनालयात रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येणारे अण्णा वर्तमानपत्राला कधी हात लावत नसत. वर्तमानपत्रांच्या टेबलाला वळसा घालून ते थेट कोपऱ्यातल्या संगणकापाशी जात, चष्मा कपाळावर सरकवत, पडद्याला जवळजवळ नाक टेकवून बराच वेळ काहीतरी वाचत आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणत, "सर, आज लई मोठी बातमी हाय." पहिल्या खेपेला मला वाटलं, सरकार पडलं. "ग्राफिक्सचा नवीन ड्रायव्हर आला," अण्णा म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काहीच हलेना हे पाहून त्यांना माझी मनापासून कीव आली असावी. एवढी पुस्तकं सांभाळणारा माणूस आणि जगात काय चाललंय याचा पत्ता नाही.

अण्णा मूळचे मंद्रूपचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होटगीला नोकरी करून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांचं एकच व्रत होतं: चालू सिग्नलला हात लावायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी या व्रताचं उद्यापन केलं असावं, कारण त्यानंतर चालू असलेल्या एकाही यंत्राला त्यांनी स्वस्थ बसू दिलं नाही. संगणक चालवायला विंडोजच लागते असं नाही, लिनक्स नावाची एक व्यवस्था आहे, ती फुकट मिळते आणि जगभरची माणसं मिळून ती घडवतात, हे त्यांना त्यांच्या मुलाने सांगितलं होतं. मुलगा सांगून विसरला, पुण्याला नोकरीला गेला आणि विंडोज वापरू लागला. अण्णा विसरले नाहीत.

दर पाडव्याला ते मला साखरेची गाठी देत आणि भविष्य सांगत. "यंदाचं वर्ष आपलं."

"कुणाचं?"

"डेस्कटॉपवरच्या लिनक्सचं."

पंचांगवाले निदान पावसाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलून ठेवतात. अण्णांनी ती सोय कधी ठेवली नाही. वर्ष उलटायचं, घरोघरचे संगणक होते तसेच राहायचे, आणि पुढच्या पाडव्याला अण्णा त्याच खात्रीने हजर. "मागचं वर्ष तयारीचं हुतं," एवढंच ते म्हणत.

त्यांना सर्वांत जास्त रस होता तो खेळांच्या बातम्यांत. विंडोजसाठी बनवलेला अमुक खेळ आता लिनक्सवरही चालतो, अशी बातमी आली की सत्तरीकडे झुकलेले अण्णा घरी जाऊन तो खेळ उतरवून घेत. एकदा मी मुद्दाम बघायला गेलो. दोन दिवस खटपट करून त्यांनी तो चालू केला होता. पडद्यावर बर्फ पडत होता, तलवार घेतलेला एक योद्धा डोंगराकडे तोंड करून उभा होता, मागे गंभीर संगीत. आता काय होणार म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. "चाललं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खेळ बंद केला.

"अहो, खेळा की."

"खेळायचंय कुनाला? चालतंय का न्हाय, तेवडं बघायचं."

सिग्नल पडल्यावर गाडी पुढे कुठे गेली याची चौकशी सिग्नलवाला करत नाही, तसंच हे. फक्त एका गोष्टीने त्यांना मनापासून वाईट वाटे. काही खेळांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी बसवलेला असतो आणि तो लिनक्सवाल्याला दारातच अडवतो. "आमी तिकीट काडून बसलोय," अण्णा म्हणत, "तरी टीसी म्हनतोय, उतर. का, तर तुजा डबा वेगळा हाय."

वाचनालयातला संगणक त्यांनीच वाचवला. तो जुना झाला, आता भंगारात द्या, असा ठराव कार्यकारिणीत झाला होता. अण्णांनी त्यावर लिनक्स बसवलं आणि तो तरुण माणसासारखा धावू लागला. आमच्या अध्यक्षांना उद्घाटनाशिवाय काही आवडत नसल्याने त्याचंही उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, अध्यक्षांनी कळ दाबली आणि पडदा काळा पडला तो काळाच राहिला. अण्णांनी आदल्या संध्याकाळी आलेला नवा अपडेट सकाळीच चढवला होता. कार्यक्रमाच्या दिवशी जुनं दाखवायचं त्यांना बरं वाटेना. अण्णा माझ्या कानाशी येऊन शांतपणे म्हणाले, "पडदा काळा झाला म्हंजे संपलं, असं न्हाय. चहा सांगा." मी चहा सांगितला. अध्यक्ष डिजिटल क्रांतीवर बोलत राहिले. त्यांच्या पाठीमागे पडदा काळाच होता, आणि भाषण संपेपर्यंत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आभार मानता मानता पडदा उजळला. टाळ्या अध्यक्षांना मिळाल्या.

त्या दिवशी अण्णांनी आणखी एक काम करून ठेवलं. संगणक उघडला की पहिल्यांदा त्यांच्या बातम्यांचं पान दिसेल, अशी व्यवस्था केली. "वाचनालय हाय, काहीतरी वाचायला पायजे," ते म्हणाले.

अण्णांच्या घरात खेळणारं माणूस दुसरंच होतं. लिनक्सवर स्टेअरिंग चालतं की नाही, हे बघायला अण्णांनी खेळाचं एक स्टेअरिंग मागवलं. चालतं, हे सिद्ध झाल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरला. तो अण्णांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, सोडवला. वहिनी मैंदर्गीच्या. त्यांचे वडील ट्रक चालवत, तूर भरून गुलबर्ग्याच्या बाजारात नेत. भावाला मांडीवर घेऊन ते स्टेअरिंग धरू द्यायचे. वहिनींना मात्र बजावून ठेवलेलं, पोरीच्या जातीनं ष्टेरिंगला शिवायचं न्हाय. पुढे लग्न, संसार, आणि आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणंही बंद. त्या एके दुपारी अण्णांच्या खुर्चीवर बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ट्रकचं हाय का ह्यात काय?"

ट्रकचं होतं. परदेशातल्या लांबलचक रस्त्यांवरून माल पोचवायचा, एवढाच तो खेळ. वहिनी रोज दुपारी दोन तास ट्रक चालवू लागल्या. मी गेलो की मान न वळवता म्हणायच्या, "बसा भाऊजी. एवडा माल मार्केट यार्डात टाकते, मग चहा करते." तो यार्ड जर्मनीत असायचा. तिथल्या रस्त्यांबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "एक म्हैस आडवी येत न्हाय. गाडी चालवल्यासारकं वाटतच न्हाय." तरीही वळणावर त्या न चुकता हॉर्न वाजवत. कुणी घाईने ओलांडून पुढे घुसला की वडिलांकडून उचललेलं कानडी त्यांच्या तोंडी येई, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड.

पण मागून कोण येतंय, हे त्यांना दिसत नसे. कारण ट्रकचे दोन्ही आरसे काळे होते. विंडोजवर दिसणारा आरसा अण्णांच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर, लिनक्समध्ये, तव्याच्या पाठीसारखा दिसे. वहिनी अंदाजाने बाजू बदलत आणि आठवड्यातून दोनदा कुणाला तरी घासत.

अण्णांनी पहिल्यांदा सहा प्रकारची लिनक्सं बसवून पाहिली. प्रत्येक वेळी वहिनींचा ट्रक नव्याने शोधावा लागे. "काल मी फ्रान्सात हुते," वहिनी म्हणत, "आज परत गाडी शिकायची परीक्षा द्यायला लावतंय." शेवटी त्यांनी ताकीदच दिली, की चालतंय त्याला हात लावायचा न्हाय. अण्णांनी मान डोलावली, आणि मग ज्यांनी ते कार्ड चालवणारा ड्रायव्हर लिहिला त्या दूरदेशीच्या मंडळींकडे रीतसर तक्रार नोंदवली. तक्रारीचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून वाचनालयात केला. आठवड्याने एका स्वयंसेवकाचं उत्तर आलं. आमच्याकडे आरसा दिसतो, असं त्याने लिहिलं होतं.

"त्यांच्याकडं दिसतोय म्हने," अण्णा म्हणाले.

"मग?"

"मग काय. हिनं गाडी चालवायला त्यांच्याकडं जायाचं का?"

अण्णांनी फोटो पाठवले, कार्डाची सगळी कुंडली पाठवली. तिकडून उत्तर येणं थांबलं, पण तक्रार 'उघडी' राहिली. ही गोष्ट अण्णा हायकोर्टातून स्थगिती मिळाल्याच्या ऐटीत सांगत. "बंद केली न्हाय अजून. उगडी हाय." तेव्हापासून ते रोजच्या बातम्यांत एकच गोष्ट शोधत होते, आरशाची दुरुस्ती. बाकीच्या मोठ्या बातम्या मला सांगायला असत.

पुण्याहून मुलगा आला की म्हणे, "अण्णा, विंडोज टाकू या. दहा मिनिटांत आईला आरसा दिसेल."

"आरशासाटी घर बदलत नसतात," अण्णा म्हणत.

वहिनी रस्त्यावरची नजर न काढता म्हणत, "तत्त्व ह्यांचं आनि अपघात माजा."

एका सकाळी अण्णा आले आणि संगणकाकडे गेलेच नाहीत. माझ्यासमोर बसले. वर्तमानपत्र उचललं, उलटं धरलं, ठेवलं. मग म्हणाले, "सर, विंडोज टाकू का?" आदल्या दिवशी वहिनींचा ट्रक एका बसवर आदळला होता. त्या नुसत्या उठून आत गेल्या. त्याचं अण्णांना लागलं होतं. "माझ्यापायी तिनं बिनआरशाचं किती चालवायचं?" ते म्हणाले. मी त्यांना इतकी वर्षं हसत आलो होतो. त्या दिवशी हसलो नाही. टाका, म्हणालो. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे पडद्याला नाक लावून बसलेले. काय झालं ते ते सांगेनात, म्हणून दुपारी मी घरी गेलो आणि वहिनींना विचारलं. "मीच नको म्हनले," त्या म्हणाल्या. "आरसा दिसला, तर सकाळी ह्यांना घरातनं भाईर कोन काडनार? रिटायर मानूस हाय भाऊजी. शोदायला कायतरी पायजे की."

त्यानंतर वर्षभराने अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला त्यांनी त्या सकाळी सांगितलेली बातमी अजून आठवते: हातात मावणारं कुठलंसं खेळाचं यंत्र निघालंय आणि त्यात आपलं लिनक्स आहे. "यंदाचं वर्ष आपलं," ते म्हणाले होते.

दिवसकार्य उरकल्यावर मुलाने पुन्हा विंडोजचा विषय काढला. वहिनींनी त्याला संगणकाला हात लावू दिला नाही. अपडेट आलाय, करू का, असं विचारणारी चौकट रोज पडद्यावर येई. वहिनी रोज 'नंतर' दाबत. अण्णांनी मांडून ठेवलेलं कुणी विस्कटायला नको होतं. ट्रक चालतच होता, काळ्या आरशांसकट.

इकडे वाचनालयात संगणक सुरू केला की अण्णांचं पान उघडे. पहिले काही दिवस मी ते बंद करत असे. मग बंद करण्याआधी नजर टाकू लागलो. मग चष्मा काढून वाचू लागलो. ड्रायव्हर म्हणजे काय हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण एका सकाळी, दुरुस्त्यांच्या लांबलचक यादीत पार तळाशी एक ओळ दिसली. जुन्या कार्डांवर काही खेळांतले वाहनांचे आरसे काळे दिसत असत, ते आता दिसतील. मी खुर्ची वळवली. सांगायला कुणी नव्हतं. वाचनालयाचा शिपाई फडकं मारत होता. त्याला म्हणालो, "आज मोठी बातमी आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि अण्णांना माझी का कीव येत असे ते मला कळलं.

वहिनींना सांगावं की नाही, यावर दुपारपर्यंत विचार केला. आरसा हवा तर अपडेट करावा लागणार, म्हणजे अण्णांनी ठेवलेलं बदलणार. आणि त्यात काही बिघडलं, तर दुरुस्त करणारा माणूस उरला नव्हता. शेवटी गेलोच. वहिनी ट्रक रस्त्याकडेला उभा करून ऐकत राहिल्या.

"परत वाचा," त्या म्हणाल्या. मी परत वाचलं.

"ह्यांचीच तक्रार का?"

"कुणाची ते लिहिलेलं नाही. पण असणार."

पडद्याच्या कोपऱ्यात ती चौकट नेहमीप्रमाणे आली. "हे असते तर एवड्यात करून, बिगडवून, परत दुरुस्त करून बसले असते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी 'नंतर'वरचा बाण उचलून दुसऱ्या कळेवर नेला.

पडद्यावरून अक्षरं सरसर गेली. संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि पडदा काळा पडला. मी वाट पाहिली. काळाच. अण्णांनी जपून ठेवलेलं घर मी एका ओळीपायी पाडलं, असं मला वाटलं. "वहिनी, मुलाला फोन लावू का?"

"बसा हो भाऊजी." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "काळं झालं म्हंजे संपलं न्हाय. चहा टाकते."

चहा उकळेपर्यंत आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. दोन कप घेऊन त्या आल्या, तेव्हा पडदा उजळला होता. त्यांनी कप बाजूला ठेवला, ट्रक उभा होता तिथूनच चालू केला आणि रस्त्यावर घेतला. दोन्ही आरशांत मागचा रस्ता दिसत होता, झाडं, पांढरे पट्टे, सगळं. वहिनी कितीतरी वेळ पुढे पाहायचं सोडून आरशातच पाहत राहिल्या. मागून एक गाडी भरधाव येत होती.

त्यांनी ट्रक हळूच कडेला घेतला.

"होगली बिडू," त्या म्हणाल्या. "जाऊ दे त्याला म्होरं. आपल्याला कुटं घाई हाय."