मेणावर साय येईपर्यंत

आधी आक्कांचं सांगतो, मग हाताचं. हात माझा असला तरी तो परत चालायला लागला तो आक्कांमुळं. आणि गोष्ट हातापासून सुरू केली की ऐकणारा "अरेरे, पडलास कसा?" यातच अडकतो आणि आक्का राहून जातात.

आक्का म्हणजे आमच्या मागवाल्या. बेळगावच्या वडगावात त्यांच्या घरी खाली चार यंत्रमाग, मागच्या बाजूला त्यांचं स्वयंपाकघर, आणि वर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी उचगावात दिलेली. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते म्हणून मीही म्हणायला लागलो. त्या मला "नांदेड" म्हणतात. माझं गाव नांदेडच्याही पुढं एस.टी.नं अर्धा दिवस आहे हे मी त्यांना सांगून बघितलं, पण त्यांच्या हिशेबात सोलापूरच्या पलीकडं जे काही आहे ते सगळं नांदेडच.

आठवीत शाळा सुटली. इचलकरंजीला माग शिकलो आणि तिथून कुणीतरी सांगितलं म्हणून वडगावात आलो. स्वभाव मुळातच काळजीचा. गॅस बंद केला का, दिवा मालवला का, असं जिना उतरल्यावर आठवतं आणि परत वर चढतो. श्रावणातल्या झडीत जिन्यावर शेवाळ धरलेलं असताना मी असाच खोलीला कुलूप लावलंय का बघायला परत वर निघालो, घसरलो, आणि उजव्या हातावर पडलो. कुलूप लावलेलं होतं.

मनगट मोडलं होतं. आक्कांनी रिक्षात घालून हाडांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं पांढऱ्या पट्ट्या पाण्यात बुडवून हाताभोवती गुंडाळल्या, आणि थोड्या वेळानं पट्ट्या आपोआप तापायला लागल्या. मी ओरडलो, "आक्का, हात भाजतोय! काहीतरी चुकलंय यांचं!"

तो माणूस हसायला लागला. म्हणाला, "प्लास्टर हाय. ती पूड पाणी पिऊन घट्ट व्हायला लागली की अंगातनं ऊब सोडती. निवतंय आता."

"ऐकलास?" आक्का म्हणाल्या. "तुझ्यासारखं न्हाय ते. तू पाणी बघून थंड पडतोस."

प्लास्टर खरंच निवलं. पण ते निघालं तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक झालेला, कातडी सुटलेली, आणि बोटं फणीच्या दातांसारखी ताठ. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांकडं निघायची आणि मधेच थांबायची. चिंचोका मावेल एवढी फट राहायची.

ही फट म्हणजे काय, ते मागावरच्या माणसालाच कळेल. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, त्याला दुसरा धागा चिमटीत धरून गाठ मारायची, फणीतून ओवून परत माग सुरू करायचा. दिवसभर हेच. चिमूट बसत नसेल तर गाठ नाही, आणि गाठ नसेल तर मागावर तुमचं काही काम नाही. मला दुसरं काही येतही नव्हतं. गावाकडं आईला मी हात मोडल्याचं सांगितलंच नव्हतं. व्हिडिओ कॉल आला की मोबाईल डाव्या हातात धरून फक्त तोंड दाखवायचो.

हाडांच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. शहरात एक लहानसा दवाखाना होता, मॅडम चिकोडीच्या. माझ्याशी मराठी, शेजारच्या आजोबांशी कानडी, फोनवर इंग्रजी, आणि तिन्ही एकाच श्वासात. कोपऱ्यात एक पेटी, तीत वितळलेलं मेण. त्यात हात घालायचा म्हटल्यावर मी हात पाठीमागं घेतला.

"उकळतं मेण आहे हो ते," मी म्हणालो.

"उकळतं नाही," मॅडम म्हणाल्या. "हे मेण लवकर वितळतं, म्हणून वितळलं तरी फार तापलेलं नसतं. आणि वर पातळ पॅराफिन घातलंय, त्यानं अजून कमी उष्णतेवर पातळ राहतं. पाण्याइतकं चटकन चटका देत नाही. हळूहळू देतं. हाताभोवती घट्ट होताना आपली ऊब आत सोडत राहतं."

"प्लास्टरसारखं?" मी विचारलं.

"प्लास्टरमधे पाणी मिसळून नवीनच पदार्थ होतो. मेण मेणच राहतं, फक्त गोठतं. पण घट्ट होताना ऊब देतात दोन्ही, हे बरोबर."

मला बरं वाटलं. मेण वितळतं एवढं मी शाळेत शिकलो होतो. गोठताना काय करतं ते नववीत असणार.

हात धुऊन कोरडा करायला सांगितला. मी केला. आणि पेटीवर वाकता वाकता बोटांची टोकं जिभेला लावली. मुद्दाम नाही. मागाजवळ पाण्याची वाटी नसली की आम्ही धागा धरायच्या आधी असंच करतो. बोट ओलं असलं की धाग्याचे तंतू बसतात आणि गाठ घट्ट येते. बोटं मेणात गेली आणि टोकांना असा चटका बसला की मी पुढचं वाक्य तेलुगूत बोललो म्हणतात. आमचं गाव तेलंगणाच्या सीमेवरच आहे.

"कोरडा करा म्हटलं होतं ना!" मॅडम म्हणाल्या. "मेणात पाणी मिसळत नाही. थेंब मेणाच्या खाली अडकतो, तापतो आणि तोच भाजतो."

आक्का पोट धरून हसत होत्या. "मागावरची बोटं हायती मॅडम. वली केल्याबिगर कशातबी जात न्हाईत."

पुन्हा पुसला, पुन्हा घातला. आत, बाहेर, आत, बाहेर. प्रत्येक वेळी पांढरा थर चढत गेला आणि हातावर मोजा तयार झाला. जाड, गुळगुळीत, ऊबदार. वरून प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळला. मॅडमनी बजावलं, "बोटं हलवू नका, मेणाला चीर पडते."

आता मागावर काम करणाऱ्याची बोटं रिकामी बसत नाहीत. हवेतच गाठी मारत राहतात. मी बसल्या बसल्या एक मारायला गेलो, मोजा तडकला. दर वेळी असंच. शेवटी आक्कांनी स्टूल ओढून माझ्यासमोर बसकण मारली आणि डोळे वटारले. "हलू नगं. हलू नगं म्हटलं की. नजर हाय माझी."

मेण सोलून काढलं की लगेच व्यायाम. ऊब असते तोवर बोटं वळतात, म्हणून मॅडम अंगठा आणि बोट हळूहळू जवळ आणायच्या. दुखायचं, पण फट केसभर कमी झालेली दिसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

"हे रोज झालं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. रोज शहरात यायचं तर आक्कांना माग सोडून यावं लागायचं, कारण मला एकट्याला बसमधे धरायला हातच नव्हता. आक्कांनी विचारलं, "घरी केलं तर? आमच्याकडं मागाचं मेण हाय पडलेलं."

"ते नको. मेणबत्त्याही नकोत. ती मेणं जास्त तापल्याशिवाय वितळत नाहीत, भाजेल." मग मॅडमनी सगळं समजावलं: औषधी पॅराफिनच्या वड्या, पातळ पॅराफिन किती, आचेवर थेट ठेवायचं नाही तर गरम पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं. आणि शेवटी, "गॅसवरून उतरवून ठेवायचं. वर साय धरली की तेव्हा हात. साय नाही, तर हात नाही. तरी आधी डाव्या हाताला थेंब लावून बघायचा."

साय म्हटल्यावर आक्कांना सगळं एकदम पटलं.

दुपारी करंट गेला की आमचं मेण. चारी माग बंद, गल्लीत अचानक कान उघडे पडल्यासारखी शांतता, आणि आक्का पातेल्यावर वाकलेल्या. मी विचारायचो, "आली का साय?"

"न्हाय आली. दुधाची पिशवी फोडल्यापासनं पोरं विचारत्यात तसं विचारतोस बघ. गप बस."

"जास्त बिसी तर नाही ना?" गरमला इथं बिसी म्हणतात, एवढं कानडी मला आलं होतं.

"तू तेवढा बिसी हायस. मेण बरोबर हाय."

एकदा मेणाचा मोजा अख्खा निघाला. न फाटता, नखांच्या आणि रेषांच्या खुणांसकट. इतका सुंदर की परत वितळवायला जीव होईना. मी तो खिडकीत ठेवला. संध्याकाळी शेजारच्या काकी साखर मागायला आल्या, खिडकीतला पांढरा हात बघून दारातच थांबल्या. मग हळूच आक्कांना म्हणाल्या, "कुठल्या देवाला बोललीस गं? चांदीचा करायचा हुतास की, मेणाचा कशाला?"

आक्का म्हणाल्या, "चांदीचा वितळंना लवकर." आणि दुसऱ्या दिवशी तो नवस पातेल्यात गेला.

एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. माझ्या हातावरचं मेण सोलून घेतलं की आक्का ते लगेच पातेल्यात टाकायच्या नाहीत. मऊ, उष्ण गोळा दोन्ही तळव्यांत धरून बसायच्या, मळत राहायच्या, तो पार थंड होईपर्यंत. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली आहेत. बेळगावची थंडी लागली की सकाळी त्यांना शेगडीचा खटका फिरवता येत नाही, मनगटानं ढकलतात. मी म्हणालो, "आक्का, तुम्हीपण हात घाला की मेणात."

"माझ्या हाताला काय धाड भरलीया?" विषय संपला.

दिवाळी झाली, लग्नसराईच्या साड्यांची गडबड सुरू झाली. तीन माग धडधडत होते आणि चौथा, माझा, पोत्याखाली झाकलेला. हे मला सोसवेना. मी म्हणालो, "दुसरा माणूस लावा आक्का. माझी बोटं काय आता वळत नाहीत."

"माग कुणाचा?"

"तुमचा."

"मग गप."

पण मी रात्री पिशवी भरली. सकाळी सांगितलं की थोडे दिवस गावी जाऊन येतो, आईला बघून. आक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं. मेणाच्या वड्या आणि छोटं पातेलं माझ्या पिशवीत कोंबलं, वर भाकरी ठेवली, आणि एवढंच म्हणाल्या, "साय बघितल्याबिगर हात घालायचा न्हाय."

कोल्हापूरच्या बसमधे बसलो. मनात एकच चाललेलं, आईला काय सांगायचं, आणि गावात मी करणार काय. निपाणी आली. गाडी स्टँडवर थांबली, तंबाखूचा तो उग्र वास आत आला, कंडक्टर म्हणाला चहा घेणारे घ्या. मी उतरलो. टपरीवाल्यानं काचेचा ग्लास पुढं केला, मी घेतला. फुंकर मारली, घोट घेतला. मग बघितलं तर ग्लास उजव्या हातात होता.

काठाला अंगठा आणि पहिलं बोट. मधे फक्त काच.

मी तसाच उभा राहिलो. हलू नये म्हणून. कंडक्टर ओरडला, "ओ कोल्हापूर, येणार हाय का ऱ्हाणार हाय?" टपरीवाला म्हणाला, "चहात काय पडलंय का?" मी म्हणालो, "नाही हो, चांगला आहे. फार चांगला आहे." धावत जाऊन पिशवी काढून घेतली आणि समोरच्या फलाटावर बेळगावच्या गाडीत बसलो. बसल्यावर लगेच काळजी लागली: ग्लास जाड असतो. धागा तेवढा जाड नसतो.

वडगावात पोचलो तेव्हा दुपारचा करंट गेलेला. आक्का दारात तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नांदेड लई जवळ आलं म्हणायचं. कुठवर गेलतास?"

"निपाणी."

"मग? चहा कसा हुता निपाणीचा?"

मी माझ्या मागावरचं पोतं काढलं. आक्कांनी ताटली खाली ठेवली आणि मेण तापवायला लावलं. साय धरली, हात बुडवला, या वेळी बोट हललं नाही. मोजा सोलला, आणि ऊब आहे तोवर मी मागावर बसलो. आक्कांनी स्वतः ताण्यातला एक धागा तोडला. साळ्याच्या घरातली बाई मुद्दाम धागा तोडते, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं.

पहिल्यांदा चिमटीतून निसटला. दुसऱ्यांदा गाठ बसली आणि ओढल्यावर सुटली. मी आक्कांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "बोट वलं कर की गाढवा. आता कुठं मेण हाय?"

बोट जिभेला लावलं. धागा धरला, फिरवला, ओढला. आक्कांनी वाकून गाठ चाचपली, नखानं ताणली, सुटली नाही. "हं," एवढंच म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसून तांदळाकडं गेल्या. करंट आला तेव्हा चार माग चालू झाले. त्या संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि मोबाईल उजव्या हातात धरला. तिनं विचारलं, "आज एवढा हसायलास का?" मग सगळं सांगितलं, आक्कांपासून सुरुवात करून.

पातेलं आणि वड्या अजून माझ्याकडंच आहेत. या थंडीत नाही जमलं तर पुढच्या, पण एक दुपार अशी येणार आहे की करंट जाईल आणि मी आक्कांना स्टुलावर बसवीन. साय आली का ते मी बघीन, थेंब आधी माझ्या मनगटावर लावीन. त्या बडबडतील, हात मागं ओढतील. मी समोर बसून डोळे वटारीन आणि म्हणीन, "हलू नगा आक्का. नजर हाय माझी."