तळं गेलं कुठे

मागितलं की देव देतो, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. सुधीरच्या आजारपणात सासूबाई सांगलीत दत्तगुरूंसमोर बसून असायच्या आणि मी इथे आयर्लंडमध्ये, ॲडम्सटाउनला, त्याच्या औषधांच्या वेळा सांभाळत होते. दोघींच्याही हाती काही लागलं नाही. तो गेला. दिरांनी अस्थी कृष्णेत सोडल्या. चिमूटभर मी मागे ठेवल्या, कारण त्याने जाण्याआधी एवढंच मागितलं होतं, "थोडा मला माझ्या तळ्यात सोड."

ते तळं इथल्या पश्चिम किनाऱ्याकडे, क्लेअरमधल्या एका संरक्षित रानात आहे. रान कसलं, दगडांचं वाळवंटच. नजर पोचेल तिथवर करडा खडक, त्यात खोल भेगा, झाड औषधालाही नाही. एका शिळेवर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी एकात एक वर्तुळं कोरलेली आहेत. सुधीर दर वसंतात तिथे जायचा, त्या वर्तुळांवरून बोट फिरवायचा आणि तळ्याकाठी डबा खायचा. मला दगडांत रस नव्हता, म्हणून मी ती जागा फक्त त्याच्या फोटोंत पाहिलेली.

ऑगस्टमध्ये मी आणि माझी मुलगी ईरा अस्थींची डबी घेऊन तिथे पोचलो, तर तळंच नव्हतं. गवत होतं आणि त्यात गाई चरत होत्या. नकाशात निळा डाग बरोबर तिथेच दिसत होता.

"इट्स ग्रँड, आई," ईरा म्हणाली; इथे 'ठीक आहे' असंच म्हणतात. "वी'ल कम बॅक इन विंटर."

"आणि ही डबी? परत कपाटात ठेवू?" एवढं बोलले आणि खाली बसले. स्मशानात न आलेलं रडू तिथे आलं.

तेवढ्यात खडकावरून एक म्हातारी बाई काठी टेकत आली. मागे तिचा कुत्रा. डबी पाहून तिला सगळं कळलं असावं.

"तळं शोधतेस ना?" तिने इंग्रजीत विचारलं. "उन्हाळ्यात ते खाली जातं, हिवाळ्यात वर येतं. हरवलेलं नाही. ये."

तिने आम्हाला त्या कोरलेल्या शिळेपाशी नेलं. शेजारच्या भेगेकडे काठी दाखवून म्हणाली, "कान लाव." मी पालथी पडले. आतून गार वारा आला आणि खोलवर वाहत्या पाण्याचा स्वच्छ आवाज.

"कुठे जातं हे?"

"समुद्राला. कुठल्या वाटेने, ते विचारू नकोस."

मी मान वर केली. समोर ती वर्तुळं होती, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी. माझ्याआधीही कोणीतरी इथे कान लावला होता.

आम्ही दोघींनी मिळून डबी रिकामी केली. एरवी इंग्रजीशिवाय उत्तर न देणारी ईरा भेगेत वाकून म्हणाली, "बाबा, सावकाश जा." वळून पाहिलं तेव्हा बाई आणि कुत्रा पार टेकाडापलीकडे गेले होते. आभार मानायचे राहिले.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "वाहतं पाणी मिळालं का गं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"बरोबर कुत्रं होतं म्हणालीस?"

"होतं."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मी वाद घातला नाही. ज्याने कोणी तिला पाठवलं, त्याची मी ऋणी आहे. दुःख आहे तिथेच आहे. सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. पण शेवट दिसल्याशिवाय मी हातातलं सोडत नाही; त्या दिवशी सोडलं. पाणी कुठल्या वाटेने समुद्राला मिळतं, हे पुन्हा कोणाला विचारलं नाही.