शेवंताचं कवाड

बातमी आली तेव्हा मी तिच्यासाठी पुस्तक बाजूला काढत होते. घाटंजीच्या आमच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि दर बाजाराच्या दिवशी शेवंताला एक पुस्तक खाली नेऊन द्यायचं हा माझा बारा वर्षांचा शिरस्ता. तिच्या भावाचा फोन आला. "मॅडम, ताई गेली... सकाळी." तीन दिवस ताप होता, एवढंच तो म्हणाला. त्याला आता सात आठवडे झाले. रडून झालं आहे. आता राग तेवढा उरलाय, आणि तो मी लपवणार नाही.

शेवंता गावाबाहेरच्या तांड्यावरची. दोन वर्षांची असताना पोलिओनं दोन्ही पाय गेले. गावात सगळे तिला बिचारी म्हणत, आणि तिच्याइतकी बिचारी नसलेली बाई मी पाहिली नाही. हाताच्या मशीनवर शिलाई करायची. रस्त्यावर हातानं चालवायची तीनचाकी सायकल, तिच्या पाठीला आरशांचं भरतकाम केलेलं कापड, दांड्याला लाल गोंडे. लोक बघतातच, तर नीट बघू दे, म्हणायची. सायकलवरून उतरली की बेअरिंगची चाकं लावलेल्या बुटक्या पाटावर बसून हातांनी जमीन ढकलत जायची. आणि सायकलच्या मागं दोरीनं बांधलेलं असायचं एक कवाड. घराचं जुनं दार बदललं तेव्हा तिनं बापाकडून त्याच्या दोन कवाडांतलं एक मागून घेतलं होतं. दुकान असो की शाळा, कवाड सोडायचं, पायऱ्यांवर टाकायचं आणि पाट ढकलत वर जायचं. कोणी उचलायला पुढं आलं की ती हात आडवा करायची.

उचलण्याचा तिला एवढा तिटकारा का, ते तिनं एकदा सांगितलं. तांड्यात तीजेच्या सणाला लग्न न झालेल्या मुली टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, फेर धरून नाचतात. बाप तिला उचलून बाजेवर ठेवायचा, बघायला. टोपली मात्र मिळायची नाही. नाचता येत नाही तिला टोपली कशाला हवी! बारा वर्षांची झाली तेव्हा ती बाजेवरून आपली आपण उतरली, सरकत फेराच्या मधोमध जाऊन बसली आणि टोपलीशिवाय हलणार नाही म्हणाली. तांड्याचा नायक चिडला, मुली हसल्या, पण टोपली मिळाली. तिनं पुढं लग्न केलं नाही, त्यामुळं पन्नाशीतही दर तीजेला तिची टोपली असायची. फेर तिच्या पाटाच्या बेतानं रुंद झाला, आणि डोळ्यांनी न दिसणारी एक, कुबड्यांवरची एक, अशा आणखी मुली तिनं त्यात ओढल्या. ज्या तांड्याला आम्ही गाववाले अडाणी म्हणून नाक मुरडतो, त्याला हे जमलं. आम्हा शिकल्यासवरल्यांना जमलं नाही.

आमच्या वाचनालयाला सात पायऱ्या आहेत. कवाड तीन पायऱ्यांपुरतं. सरकत चढणं तिला येत होतं, पण माणसांच्या चपलांमध्ये अंग घासत यापुढं कुठं जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. म्हणून मी पुस्तकं खाली न्यायचे, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. एकदा पुस्तक परत देताना ती म्हणाली, "मॅडम, तुमी आणता थे तुमच्या पसंतीचं रायते. मले कपाटापुढं जाऊन, दहा चाळून, एक निवडाचं हाये."

मी तिला वर्षानुवर्षं संतचरित्रं आणि धीर देणारी पुस्तकं वाचायला घालत होते. तिला खुनाच्या रहस्यकथा हव्या होत्या.

मग तिनं पायऱ्यांशेजारी उतार बांधावा असा अर्ज लिहिला, मी तो कार्यकारिणीपुढं ठेवला. आमचे अध्यक्ष भले गृहस्थ, वकिलीतून निवृत्त, माझ्याच गल्लीतले. ते म्हणाले, एका बाईसाठी इमारतीचा दर्शनी भाग कशाला बिघडवायचा, दोन माणसं लावू, उचलून आणतील. मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण गप्प बसले. अर्ज चारदा आला आणि चारदा पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. मधल्या एका डिसेंबरात मात्र याच मंडळींनी अपंगांचा सत्कार ठेवला. व्यासपीठ चार फूट उंच! शेवंता खालीच थांबली आणि तिनं माईक मागितला. "शाल तुमच्यापाशीच ठेवा. मले उतार पायजे. खोट माह्या पायात नाई, तुमच्या पायऱ्याईत हाये." टाळ्या कडाडल्या. टाळ्या वाजवायला आपल्या लोकांचं काय जातं?

आणि ती गेल्यावर शोकसभा कुठं ठेवली? वाचनालयात. हार घातलेला तिचा फोटो सात पायऱ्या चढवून वर नेला आणि कपाटांपुढं ठेवला... जिथं तिला जायचं होतं, नेमका तिथं. तांड्यावरून तिच्या दोघी मैत्रिणी आल्या होत्या, एक पाटावर, एक कुबड्यांवर. त्या खाली उन्हात थांबल्या. वर जिद्द, प्रेरणा, दीपस्तंभ चाललं होतं. अंत्ययात्रेला चौघांनी तिला उचललं तेव्हा तिला हात आडवा करता आला नव्हता. आता फोटोचीही तीच गत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोटो घेतला, खाली आले आणि त्या दोघींजवळ ठेवला. मग परत वर जाऊन राजीनामा लिहून अध्यक्षांच्या पुढ्यात टाकला.

कवाड तिच्या भावानं मला आणून दिलं. माझ्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. बारा वर्षं ती माझ्याकडं चहाला यायची, ती स्वतःचं कवाड घेऊन, आणि वाट मी करून ठेवायला हवी हे मला एकदाही सुचलं नाही. अध्यक्षांना बोल लावताना हे गिळून टाकता येत नाही. आता ते कवाड मी पायऱ्यांच्या एका अंगाला टाकलंय, खाली विटा लावून घट्ट बसवलंय. सिलिंडरवाला त्यावरूनच येतो, दूधवाला येतो, माझे दुखरे गुडघेही तिकडंच वळतात.

परवा अध्यक्ष आले, राजीनामा मागं घ्या म्हणायला. त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. पायऱ्यांकडं न बघता ते कवाडावरून सरळ वर आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "ताई, एका बाईसाठी इतकं टोकाला कशाला जाता?"

"साहेब, आत्ता तुम्ही वर आलात ना, ते तिच्याच कवाडावरून," मी म्हटलं.

ते चहा न घेताच उठले. जाताना कवाड टाळून ते पायऱ्यांनी उतरले, भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. हात द्यायला मी उठले नाही.