लंगड्या चाराचा ठसा

दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस भुताला भीत नाही, ठिणगीला भितो. करणी, उतारा, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसलो. बायको लिंबू-मिरची बांधायची, ती मी तोडून टाकायचो. तेव्हा हे पत्र मी का लिहितोय ते वाचून तुम्हीच ठरवा. चौथीपर्यंत शिकलोय, संपादकसाहेब, चुका सुधारून घ्या.

बासष्ट साली उन्हाळ्यात माझी यमुना गेली. मुलगा दिनकर जर्मनीत, स्टुटगार्टला इंजिनियर. म्हणाला, "आबा, एकटे काय करता तिथं? सहा महिने या." गेलो.

घर चढावर. वर दिनूच्या दोन खोल्या, खाली घरमालकीण. पन्नाशीची विधवा, एकटीच. तिचं आडनाव माझ्या जिभेला वळेना, मी आपला बाई म्हणायचो. पहिल्याच दिवशी माझं धोतर बघून तिनं दिनूला विचारलं, "वडील पलंगपोस नेसतात का?" मी म्हटलं, "तिला सांग, तुझ्या झग्यापेक्षा कापड जास्त आहे म्हणावं." दिनूनं सांगितलं. बाई पोट धरून हसली. तेव्हापासून आमचं जमलं. भाषा नाही काही नाही, पण रोज जिन्यात "गूटन टाग" व्हायचं, शनिवारी केकचा तुकडा वर यायचा.

त्या लोकांत जिना धुवायची पाळी असते, केअरवोखे म्हणतात. आमची पाळी आली त्या शनिवारी मी दाराची पितळी मूठ घासत होतो. पितळात माझे हात मुरलेले. मूठ अशी निघाली की बाईनं घरातलं सगळं पितळ माझ्यापुढं आणून ठेवलं. दिवा, घंटी, वजनं... आणि शेवटी रुमालात गुंडाळलेला एक वाकडा तुकडा. तो देताना काहीतरी बोलली. दिनूनं सांगितलं, "आबा, हिच्या नवऱ्याच्या छातीतून काढलाय. आफ्रिकेत लढाईवर होता. त्याला घरी आणलं, पण वर्षभरात गेला."

मी तुकडा घासला. मळ गेला आणि खाली ठसा दिसला. इंग्रजी चार. पाय तुटलेला.

आता मागचं सांगायला पाहिजे. लढाईच्या काळात मी पुण्याकडच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो. राज्य साहेबाचं, लढाई साहेबाची, हात आमचे. तोफगोळ्याच्या टोकाला जो फ्यूज बसतो, त्याच्या पितळी कड्यावर नंबराचा ठसा मारायचं काम माझ्याकडं. माझ्या पंचातल्या, म्हणजे ठसा मारायच्या पोलादी खिळ्यातल्या, चाराचा पाय उडालेला होता. खात्यातले लोक म्हणायचे, "आला बघा लंगडा चार!" पंच बदलून द्यायला कुणाला सवड नव्हती. असे ठसे मी हजारो मारले.

खंडेनवमीला आम्ही मशिनं धुवून पुसून पूजा करायचो. एका वर्षी मी म्हटलं, नुसत्या हत्यारांची काय, मालाचीही पूजा करू. सकाळी यमुनेकडं कुंकू मागितलं. तिनं करंडा हातात धरूनच ठेवला.

"अहो, ते फुटणार कुठं?"

"कुठंतरी परमुलखात. तुला काय करायचंय?"

"मग माझं कुंकू कशाला? ते कुणाचं तरी कुंकू पुसणार."

"गप. घरात चूल पेटते ती त्याच्यावरच. फार शहाणपणा शिकवू नकोस."

तिनं करंड्यातलं कुंकू दिलं, वर मेणही दिलं. म्हणाली, "पितळावर नुसतं राहायचं नाही. खाली मेण लावा."

मी तसंच केलं. एका कड्याला ठशावर मेण लावून कुंकू लावलं, हात जोडले, आणि मोठ्यानं म्हणालो, "वाया जाऊ नको रे बाबा." लोक हसले. पूजा झाल्यावर ते पुसूनच पेटीत टाकायला हवं होतं. कड्यावर मळाचा ठिपका चालत नसे. पण देवाचं कुंकू पुसायचं कसं? तपासणीवाला आमच्यातलाच, त्यानंही मान वळवली. कडं तसंच पेटीत गेलं.

त्या शनिवारी मी कुणाला काही बोललो नाही. तुकडा लखलखीत करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नाष्ट्याच्या वेळेला बाई वर आली. तुकडा पुढं केला. ठसा लाल झाला होता. नुसता ठसाच, बाकी पितळ तसंच चकचकीत.

"म्हणते, दरवर्षी या दिवसांत एकदा होतं," दिनू म्हणाला. "तुम्ही एवढं घासलंत, तरीही आलंच." मग स्वतःच्या पदरचं, "काही नाही हो आबा. पितळात तांबं असतं, तांब्याचा गंज लाल येतो."

मी नख लावलं. नखात मेण आलं.

यमुनेच्या वर्षात सण नव्हते, त्यामुळं तिथी-बिथी माझ्या डोक्यात नव्हती. उठून पंचांग काढलं. अश्विन शुद्ध नवमी. खंडेनवमी.

"दिनू, तिला सांग. हे मी केलंय. हा ठसा माझा आहे."

"आबा, काहीतरीच काय!"

"सांग म्हणतो ना!"

"कशाला उकरून काढता? बिचारी एकटी आहे. आणि आपल्याला इथं राहायचंय."

तो सांगेना. मग मीच बोट तुकड्यावर ठेवलं आणि नंतर स्वतःच्या छातीवर आपटलं. मी... मी. दोनदा केलं. बाई माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले. पुढं होऊन तिनं माझ्या छातीवर, बोट होतं तिथंच, तळहात ठेवला. दिनूला काहीतरी विचारलं. तो खाली मान घालून "जा, जा" म्हणाला. जा म्हणजे हो.

ती गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारत होती, तुम्हालाही तिथंच लागलं होतं का."

मी पोराला मारलं नाही एवढंच. मग स्वतःच खाली जायला निघालो. जिन्यात थांबलो. कुठल्या भाषेत सांगणार होतो? तसाच परत वर आलो. पुढं महिनाभर ती मला सूप आणून देत होती. लढाईतला जखमी म्हणून. मी ते पीत होतो.

परत येऊन आता सहा वर्षं झाली. दरवर्षी दिनूला पत्र घालतो, "सांगितलंस का?" तो हवापाण्याचं लिहितो. शेवटी एकदाच लिहिलं, ठशावर यंदाही लाल आलं होतं म्हणे.

यमुनेचा करंडा माझ्याकडं आहे. कुंकू वाळून खडा झालंय. शिकल्यासवरल्यांनी तांब्याच्या गंजाचं मला समजावून सांगावं, ऐकीन. पण मेणाचं काय, ते कुणी सांगत नाही. आणि तिनं त्या सकाळी विचारलं होतं, ते फुटणार कुठं... आता ठाऊक आहे. सांगायला ती नाही.