जांभळी पट्टी

मुलगी घरात बसून गेम खेळते आणि ते बघायला कुठकुठली माणसं मोबाईल उघडून बसतात, हे माझ्या गळी उतरायला वेळ लागला. पदवी झाली होती, नोकरी मिळत नव्हती. सकाळी ती आजूबाजूच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि संध्याकाळी आतल्या खोलीत कॅमेरा लावून खेळायला बसायची. खेळता खेळता बोलायची, हसायची. ती इतकं हसू शकते हे मला त्या स्क्रीनवरच कळलं.

तिच्या डाव्या डोळ्याखाली कोड आहे. शाळेत असताना तांदळाएवढा ठिपका होता, आता तो गालावर उतरलाय. तिनं तो कधी पावडरीखाली झाकला नाही. घरात मात्र त्याचं नाव निघत नाही. माझी बायको त्याला नुसतं ‘ते’ म्हणते. मी तेवढंही म्हणत नाही.

सुरुवातीला उजेडाचीच अडचण होती. खोलीतली ट्यूब डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांखाली खड्डे पडल्यासारखे दिसायचे. समोरून मॉनिटरचा निळसर उजेड. तिनं एक गोल दिवा मागवला, तर तिच्या चष्म्याच्या काचांत दोन पांढरी कडी दिसू लागली. चॅटमध्ये लोक तिला घुबड म्हणाले. तीही घुबडासारखी मान वळवून हसली. मी दारात उभा होतो. म्हणालो, थांब, मी बघतो.

मोहोपाड्याला आलो तेव्हापासून मी रंगद्रव्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. तिथे आतून करडी रंगवलेली एक पेटी आहे. नमुना तीत ठेवायचा आणि बटणं दाबून दिवे बदलायचे. दिवसासारखा उजेड, ट्यूबचा उजेड, पिवळ्या बल्बचा उजेड. दोन नमुने पिवळ्या उजेडात अगदी सारखे दिसतात आणि दिवसाच्या उजेडात त्यांच्यातला फरक उघडा पडतो, हे तिथे रोजचंच. एकाच दिव्यात जुळणारा माल मी पास करत नाही. या एका बाबतीत माझं नाव चांगलं आहे.

तेच ज्ञान मी घरी आणलं. गोल दिवा काढला. लाकडी पट्टीवर साधा होल्डर ठोकून पिवळसर एलईडी बल्ब लावला आणि त्याचं तोंड तिच्याकडे न ठेवता उजवीकडच्या भिंतीकडे केलं. भिंतीवर पांढरी चादर ताणली. उजेड चादरीवरून परतून मऊ होऊन तिच्या चेहऱ्यावर यायचा. चष्म्यातली कडी गेली, डोळ्यांखालचे खड्डे गेले. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "पप्पा, भारी!"

डावा गाल सावलीत होता. जो थोडा उजेड तिकडे पोहोचत होता, तो पिवळा होता. पिवळ्यात पांढरं विरघळतं.

डाव्या बाजूलाही एक बल्ब लावू, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हणालो, कशाला उगाच, एका बाजूला सावली असली की चेहऱ्याला उठाव येतो. ती मान डोलवून खेळायला बसली. त्या दिवसांत मी कामावरून आलो की आधी आतल्या खोलीत जायचो, चादर सारखी करायचो, बल्ब बोटभर इकडे तिकडे करायचो. ती खुर्चीत बसून हसायची, म्हणायची, बघा बघा, नीट बघा.

माझी धाकटी बहीण कशेळ्याजवळ दिली आहे. तिच्या मुलांनी तिला हे मोबाईलवर दाखवलं तेव्हा तिचा फोन आला. "दादा, पोर कशी झ्याक दिसती रं. आन डाग तर दिसतच नाय कुठं." मग म्हणाली, तिच्या जावेच्या नात्यातला एक मुलगा आहे, त्यांनाही हेच दाखवते. मला तिला थांबवायला हवं होतं. मला बरं वाटलं.

मग ती पट्टी आली. शिकवणीच्या पैशांतून मुलीनं खोपोलीच्या बाजारातून जांभळ्या उजेडाची एलईडी पट्टी आणली आणि फळीच्या कडेनं चिकटवली. असे गेम खेळणाऱ्यांच्या खोल्यांत असा उजेड असतोच म्हणे. तिनं बटण दाबलं. खोली जांभळी झाली, आणि तिच्या गालावरचा डाग असा उजळला की मला दुसरं काही दिसेना. ती मात्र खूश होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजारात गेल्यावर मी पट्टीचा अडॅप्टर काढला आणि त्या जागी टीव्हीच्या जुन्या बॉक्सचा बंद पडलेला अडॅप्टर लावला. चांगला माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला. संध्याकाळी पट्टी लागेना. मी म्हणालो, जळला असेल, स्वस्तातल्या वस्तूंचं असंच. दुकानात मी जाऊन येतो, असंही म्हणालो. गेलो नाही. विसरेल ती, असं मी धरून चाललो होतो.

ती स्वतःच गेली. त्या दिवशी मला साप्ताहिक सुट्टी होती. ती परतली तेव्हा मी पेपर वाचत होतो. तिनं तो बंद अडॅप्टर माझ्यासमोर ठेवला. दुकानदारानं चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं होतं, हा आमचा नाही, आमचा ठेवून घेऊन दुसराच आणलायस.

"मी त्याच्याशी भांडले," ती म्हणाली. "तो म्हणाला, घरात कोणी बदलला का बघ. मी म्हटलं, आमच्या घरात असं कोणी करत नाही."

मी उठलो, खुंटीवरच्या पिशवीतून अडॅप्टर काढला आणि तिच्या हातात दिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली.

तिनं अडॅप्टर उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "डागासाठी?"

मी होकारार्थी मान हलवली.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. "मला वाटलं होतं, तुम्हाला आवडतं हे," ती म्हणाली. "रोज येऊन लाईट लावायचात ना, मला वाटायचं, तुम्हाला माझं खेळणं बघायला आवडतं."

आवडायचं, असं मला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण त्या घटकेला माझं खरं कोण ऐकणार होतं?

आता डावीकडे दुसरा बल्ब आहे, पांढरा. फळीवर पट्टीही लागते. चादर ताणायला ती आईला बोलावते. मी बाहेरच्या खोलीत बसून मोबाईलवर बघतो. कोणीतरी चॅटमध्ये गालाचं विचारलं, तेव्हा ती "कोड आहे" म्हणाली आणि पुढची पातळी खेळायला लागली. आमच्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा मोबाईलमधून ऐकला.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. त्या मुलाकडच्या लोकांनी परत बघितलं होतं म्हणे. "दादा, लायटीचं काय बिघडलं रं? पोरीचा डाग लय दिसतो. तू नीट लावून दे की." माझ्या तोंडाशी आलं होतं की अडॅप्टर जळलाय. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

"लाईट आता बरोबर हाय," मी म्हणालो. "डाग हाय, म्हणून दिसतो."

मी आत पाहिलं. मुलीच्या कानांवर हेडफोन होते, पाठ माझ्याकडे होती. तिनं काही ऐकलं नव्हतं. आणि बोलायच्या आधी मी ते हेडफोन पाहिले होते.