दुसऱ्यांच्या गावचा आकडा

विज्ञान शिकलेल्या वाचकांनो, खरं सांगा. तुमच्या कॉलेजच्या जर्नलमधला एक तरी आकडा तुम्ही स्वतः मोजला होता का?

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या छोट्या कॉलेजात बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेले आम्ही नऊ जण, आणि नऊ जणांत मिळून जर्नल एकच. कधीकाळी पास होऊन गेलेल्या कुण्या मुलीचं. त्यातले आकडे आपापल्या वहीत उतरवायचे, याला आम्ही 'रीडिंग बसवणं' म्हणत असू. आधी पुस्तकातलं उत्तर, मग त्याला जुळणारी मोजमापं. त्या मुलीनं खोलीचं तापमान वीस अंश लिहिलं होतं, म्हणून आमचंही वीस. मार्चच्या उन्हानं वरचे पत्रे तडतडत होते, घाम वहीवर टपकत होता, आणि आम्ही लिहीत होतो वीस.

मी पत्रकांवर वाढले. बाबा ती बुवाबाजीविरुद्धच्या सभांमधून आणत आणि आई त्यांची माझ्या वह्यांना कव्हरं घाली. सांगणाऱ्याचं तोंड पाहून काही मानू नये, हे मी पाढ्यांसोबत शिकले.

म्हणून लोलकाचा प्रयोग आला तेव्हा मी ते जर्नल उघडलंच नाही. दोऱ्याला पितळी गोळा बांधायचा, शंभर झोके मोजायचे, वेळ लिहायची, पुन्हा मोजायचे. त्यावरून पृथ्वीची ओढ किती ते काढायचं. त्या आकड्याला 'जी' म्हणतात. पुस्तकात तो नऊशे एक्क्याऐंशी. बाकी आठ जणांचाही नऊशे एक्क्याऐंशी. चार दिवस मोजून माझा आला नऊशे अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं.

लॅबमध्ये सामान काढून देणारे भाऊ म्हणाले, "लिहून टाक ना वो पोरी एक्क्याऐंशी. दोन-तीनचा तं फरक. कोन पाह्यते?"

"मीनं पाह्यलं ना, भाऊ!"

सरांनी लाल पेनानं माझा आकडा खोडला. "बरोबर लिही, मग सही देतो." सहीशिवाय परीक्षा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे वर्ष गेलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं, हे मला न सांगता कळत होतं.

लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात तक्ता सापडला. पृथ्वी मध्ये फुगलेली आहे, त्यामुळे तिची ओढ सगळीकडे सारखी नसते. पंचेचाळीस अंश अक्षांशाच्या आसपास नऊशे एक्क्याऐंशी. विसाव्या अंशावर नऊशे अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं. म्हणजे पुस्तकातला आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्यांच्या गावचा होता.

तक्ता पाहून सर हसले. "पुस्तकातलं मानत नाहीस ना तू? मग गडचिरोली विसाव्या अंशावर आहे हे तुला कोणी सांगितलं?"

वर्ग खिदळला. मला मात्र प्रश्न आवडला.

एकवीस मार्चला दिवस आणि रात्र सारखे असतात, आणि ऐन दुपारची सावली गावाचा अक्षांश सांगते. मैदानात मी बांबू रोवला, जमिनीवर बरोबर एक मीटर. तो सरळ आहे ना हे पाहायला भाऊंनी ओळंबा धरला. सावली आखडत आखडत थांबली. साडेछत्तीस सेंटिमीटर. तिथेच मातीत बसून गणित केलं. वीस अंश.

सर व्हरांड्यातून उतरून आले होते. भाऊच बोलले, "आता करून टाका ना, सर. सूर्याची तं सही भेटली तिले."

सरांनी सही केली. पण तिच्या वर लाल अक्षरांत लिहिलं: उत्तर चुकीचे. मी परीक्षेला बसले, त्या प्रयोगाचे गुण गेले, तरी मी पास झाले. आकडा मी बदलला नाही.

पुढच्या वर्षीची मुलं माझ्याकडे आली. "ताई, तुमचं जर्नल द्या ना, अठ्ठ्याहत्तरवालं. आमी बी तेच उतरवून घेतो."

मी दिलं नाही. मी त्यांना दोरा दिला.

तुमच्या घरातही कोणी शिकत असेल आणि तुमचं जुनं जर्नल मागत असेल. देऊ नका. त्याच्या हातात दोरा द्या, एक दगड द्या, शेजारी बसून शंभरपर्यंत मोजा. आणि जो आकडा येईल तो खोडू देऊ नका.